तीन म्हणजे तीनदा

प्रश्न नांदेडला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीचा आहे. थोडक्यात असा: "सर, फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या तासाला सांगितलं की संख्या हीच एक फंक्शन असू शकते. बेरीज, गुणाकार कसाबसा कळला. पण नुसता एक वजा करायला एवढा मोठा कोड आला की मी तो पाठच केला. तीन, पाच हे आकडे कॉम्प्युटरमध्ये आधीच असताना त्यांचं फंक्शन कशाला करायचं? आणि एक वजा करायला एवढा द्राविडी प्राणायाम का?"

तुला अगं-तुगं करतो, राग मानू नकोस. माझी पुतणी तुझ्याच वयाची आहे आणि हाच धडा तिलाही मी जेवणाच्या ताटावर समजावला होता. पाठ केलेला कोड आधी विसर. तुझ्या दोन प्रश्नांत दुसरा जास्त चांगला आहे, तिथपर्यंत पोचायला थोडा वेळ लागेल.

आमचं गाव औसा तालुक्यात. मी सात-आठ वर्षांचा असेन. खळ्यावरची ज्वारी घरी आली की पेवात टाकताना आजोबा पायलीनं मोजायचे. पहिल्या मापाला ते कधीच 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणायचे. मग दोन, तीन, चार. माझ्याकडे काम एवढंच, की दर मापाला पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायची. संध्याकाळी भिंतीवर कुठेही 'सतरा' लिहिलेलं नसायचं. सतरा रेघा असायच्या. आणि त्याच सतरा रेघा पाहून आजी सतरा वेळा सूप पाखडल्याचा हिशेब सांगू शकली असती किंवा सतरा पायल्यांचा. रेघांना ज्वारीचं काही देणंघेणं नव्हतं. कोणतं तरी काम सतरा वेळा झालं, एवढंच त्या सांगत होत्या.

फंक्शन म्हणून लिहिलेली संख्या म्हणजे अगदी हेच. ती दोन गोष्टी मागते: कृती कोणती आणि सुरुवात कुठून. दिलीस की ती कृती त्या सुरुवातीवर ठरलेल्या वेळा करून उत्तर हातात देते. खालचा कोड जावास्क्रिप्टचा आहे. बाणाच्या डावीकडे फंक्शन काय घेतं ते, उजवीकडे काय परत देतं ते. बाणाच्या फंक्शनला कुठलाही कीवर्ड लागत नाही आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, त्यामुळे ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे कोड लिहून लगेच चालवायच्या खिडकीत, हा जसाच्या तसा चालतो. 'क' म्हणजे कृती, 'स' म्हणजे सुरुवात.

शून्य = क => स => स
एक = क => स => क(स)
दोन = क => स => क(क(स))
तीन = क => स => क(क(क(स)))

शून्य कृतीकडे ढुंकूनही बघत नाही, सुरुवात आहे तशी परत देतो. तीन कृती तीनदा करतो. देवनागरी अंक मात्र जावास्क्रिप्टला संख्या म्हणून कळत नाहीत, म्हणून उत्तर बघायला आपण भिंतीवरच्या रेघाच वापरू. दंड हे त्यासाठी नामी चिन्ह आहे.

रेघा = न => न(स => स + '।')('')
रेघा(तीन)

कन्सोल उत्तर देईल: '।।।'. कृती म्हणजे 'एक दंड जोड', सुरुवात म्हणजे कोरी भिंत.

आता पुढची संख्या. दिलेल्या संख्येला तिचं काम करू द्यायचं आणि वर एकदा कृती करायची.

पुढचा = न => क => स => क(न(क)(स))

बेरजेत आधी 'न' वेळा, मग जिथे थांबलो तिथून 'म' वेळा. म्हणजे दुसऱ्या संख्येचं उत्तर हीच पहिलीची सुरुवात.

बेरीज = म => न => क => स => म(क)(न(क)(स))

गुणाकारावर जरा थांब, कारण इथे ही पद्धत फार देखणी होते. मोंढ्यात हमाल एका खेपेला दोन पोती नेतो आणि तीन खेपा करतो. 'दोन पोती नेणे' हीच एक नवी कृती समज आणि ती तीनदा कर.

गुणाकार = म => न => क => म(न(क))

सुरुवातीचं नावसुद्धा घ्यावं लागलं नाही. न(क) म्हणजे 'एक खेप', आणि म(खेप) म्हणजे 'म' खेपा. शाळेत गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली बेरीज असं शिकवतात. इथे बेरीज आलीच नाही, एका कृतीच्या पोटात दुसरी कृती बसली. घात तर त्याहून छोटा.

घात = म => न => न(म)

दोनाचा तिसरा घात हवा तर तीन(दोन). दुप्पट करणं ही कृती तीनदा. रेघा(घात(दोन)(तीन)) दिलंस की आठ दंड दिसतील. एक गंमत करून बघ: शून्य(शून्य). शून्याचा शून्यावा घात किती यावर शाळेत वाद घालतात. इथे शून्य आपली कृती टाकून देतो आणि उरतं ते 'जे दिलं ते परत' हे फंक्शन. कृती देऊन तपास, ते 'एक' सारखंच वागतं. वाद मिटवायला कुणाची परवानगी लागली नाही.

इथपर्यंत तुला कळलं होतं, असं तू लिहिलंस. आता तुझा पहिला प्रश्न. आकडे आधीच आहेत, मग कशाला?

ज्यानं हे केलं त्याच्याकडे ते आधीच नव्हते. अलॉन्झो चर्च हा अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचा तर्कशास्त्रज्ञ. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो सगळ्या गणिताचा पाया फंक्शनवर रचू पाहत होता. तो मोठा डोलारा टिकला नाही. १९३५ मध्ये त्याच्याच दोन शिष्यांनी, क्लीनी आणि रॉसर यांनी, त्यात विसंगती आहे हे दाखवून दिलं. पण त्यातला फंक्शनपुरता भाग धडधाकट निघाला, तोच आपला लॅम्डा कॅल्क्युलस. त्या जगात संख्या नाही, अक्षर नाही, खरं-खोटं नाही, लूप नाही. फक्त फंक्शन घ्यायची, फंक्शनला द्यायची. अशा उघड्या माळावर हिशेब होऊ शकतो हे दाखवायचं तर संख्या तिथल्याच मातीची करावी लागते. ती त्यानं केली, म्हणून या संख्यांना चर्च न्यूमरल म्हणतात. १९३६ मध्ये त्यानं याच साधनानं दाखवलं की काही प्रश्न असे आहेत जे सोडवायची कोणतीही ठरावीक यांत्रिक रीत असूच शकत नाही. त्याच वर्षी इंग्रज गणिती ॲलन ट्युरिंग आपल्या कागदी यंत्राच्या वाटेनं त्याच ठिकाणी पोचला.

चर्चच्या मूळ पद्धतीत शून्य नव्हता, मोजणी एकापासून सुरू व्हायची. फंक्शननं घेतलेलं आर्ग्युमेंट, म्हणजे त्याला दिलेली गोष्ट, वापरलंच पाहिजे असा त्याचा नियम होता, आणि आपला शून्य तर 'क' घेतो आणि वापरत नाही. आमच्या पेवावरही शून्य नव्हताच. मोजणी लाभापासून.

आता वजाबाकी. पेवात ओतलेली पायली परत येत नाही. सतरावं माप आत गेलं की ते खालच्या सोळांत मिसळलं. कुणी पेवात वाकून 'हे बघा शेवटचं माप, हे काढून घ्या' असं म्हणू शकत नाही. चर्चच्या संख्येचं तसंच आहे. 'न' ला तू कृती देतेस, ती कृती 'न' वेळा होते, आणि उत्तर बाहेर येतं. मध्ये हात घालून 'शेवटचा फेरा सोड' असं सांगायला फटच ठेवलेली नाही. आणि कृती उलटवायची म्हणशील तर कोणती उलटवणार? संख्येला कृती काय आहे हेच माहीत नसतं. दंड जोडणं असेल, कर्जावर व्याज चढवणं असेल.

चर्चचीसुद्धा इथे गाडी अडली होती. मागची संख्या या पद्धतीत काढताच येत नाही, असं त्याचं जवळजवळ ठरत आलं होतं. तोड काढली क्लीनीनं, १९३२ मध्ये, आणि त्यानंच पुढे सांगितलंय की अक्कलदाढा काढून घेताना दाताच्या डॉक्टरकडे त्याला ती सुचली. मला ती दाढ न काढता कळली, कारण लहानपणी मी स्वतःच ती तोड होतो.

झालं असं, की मी रेघा ओढताना कायम एक माप मागे असायचो. आजोबा 'चार' म्हणून पायली रिती करायचे तेव्हा माझी तिसरी रेघ चाललेली असायची. ओरडायचे, "आरं, मी मोजायलोय अन् तू मागंच ऱ्हायलास!" एकदा मोजणी अर्ध्यात मोडली, कुणीतरी दारात आलं म्हणून. आजोबांच्या तोंडात नऊ होते, भिंतीवर आठ. थप्पड खाल्ली. पण नीट बघ: मोजणी कुठेही थांबवली तरी भिंतीवर एक कमीच असायचा. एक कमी हवा असेल तर एक मागे राहणारा पोरगा सोबत ठेवायचा, बास.

कोडमध्ये आजोबा आणि पोरगा यांची जोडी करू. जोडी हीसुद्धा फंक्शनच.

जोडी = अ => ब => निवड => निवड(अ)(ब)
पहिला = ज => ज(अ => ब => अ)
दुसरा = ज => ज(अ => ब => ब)

पहिल्या जागी पोरगा, दुसऱ्या जागी आजोबा. दर मापाला पोरगा आजोबांचा जुना आकडा उचलतो आणि आजोबा एक पुढे जातात.

सरक = ज => जोडी(दुसरा(ज))(पुढचा(दुसरा(ज)))
मागचा = न => पहिला(न(सरक)(जोडी(शून्य)(शून्य)))

तीनासाठी कागदावर करून बघ. सुरुवातीला पोरगा शून्य, आजोबा शून्य. एक माप: शून्य, एक. दुसरं: एक, दोन. तिसरं: दोन, तीन. पोरग्याला विचार, तो म्हणेल दोन. शून्याला काहीच माप पडत नाही, दोघं शून्यावरच, म्हणून शून्याचा मागचा शून्यच. ऋण संख्या इथे नाहीत. म्हणजे तू पाठ केलेल्या कोडमध्ये 'वजा' कुठेच नव्हतं. शून्यापासून पुन्हा मोजत जायचं आणि एक मागे राहायचं. तुझ्या द्राविडी प्राणायामाचं कारण हे. पूर्ण वजाबाकी मग एका ओळीत:

वजाबाकी = म => न => न(मागचा)(म)

आणि किंमत बघ. एक कमी करायला पूर्ण संख्येइतके फेरे. हजारातून पाचशे वजा करायचे तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून मोजणी.

आणखी एक भानगड आहे जी पुस्तकात सहसा येत नाही, चालवल्यावर कळते. चार = घात(दोन)(दोन), सोळा = घात(दोन)(चार), मोठा = घात(दोन)(सोळा) असं कर. मोठा म्हणजे ६५,५३६. रेघा(मोठा) क्रोमच्या कन्सोलमध्ये निमूटपणे दंडांचा ढीग देते. आता रेघा(मागचा(मोठा)) कर. स्टॅक, म्हणजे अर्धवट राहिलेले कॉल लक्षात ठेवायची जागा, भरल्याची तांबडी ओळ येईल. संख्या एकनं कमी आणि कोलमडली! कारण घातानं केलेल्या संख्येत कृतींची घडीवर घडी असते, एकमेकींत अडकलेले कॉल जास्तीत जास्त काही डझन. मागचा मात्र उत्तर 'पुढचा' ची साखळी करून देतो, पुढचाच्या आत पुढचा, ६५,५३५ खोल. बाहेरून दोन्ही संख्याच, वागणुकीत फरक नाही, पण आतली बांधणी वेगळी. मुलाखतीत कुणी चर्च न्यूमरल विचारले तर व्याख्या सगळेच सांगतात, ही गोष्ट सांग.

मग वजाबाकी सोपी होईल अशी संख्या करता येत नाही का? येते. तर्कशास्त्रज्ञ डाना स्कॉट यांच्या नावानं ओळखली जाणारी रीत उतरंडीसारखी आहे. प्रत्येक संख्या आपल्या खालचं मडकं जसंच्या तसं सांभाळून ठेवते. 'ख' म्हणजे उतरंड रिकामी असेल तर काय द्यायचं, 'भ' म्हणजे भरलेली असेल तर खालच्याचं काय करायचं.

रिकामी = ख => भ => ख
चढव = न => ख => भ => भ(न)
उतरव = न => न(रिकामी)(अ => अ)

वरचं मडकं काढायला एक पायरी. पण आता बेरीज अवघड झाली, कारण एका उतरंडीवरून दुसरीवर एकेक मडकं हलवायला रिकर्जन, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारं फंक्शन, वेगळं लिहावं लागतं. चर्चची संख्या स्वतःच लूप होती, ही नाही. कोणतं काम स्वस्त हवं ते आधी ठरवायचं आणि त्याला साजेशी बांधणी निवडायची. डेटाबेसला इंडेक्स लावताना आपण हेच करतो.

रोजच्या कामात चर्च न्यूमरल मी वीस वर्षांत एकदाही वापरले नाहीत, तूही वापरू नकोस. त्यामागची युक्ती मात्र रोज हातात असते. तू ॲरेवर, म्हणजे यादीवर, ती एका उत्तरात गोळा करणारं रिड्यूस चालवतेस तेव्हा काय देतेस? एक कृती आणि एक सुरुवात. चर्चची संख्या म्हणजे आत काहीच माल नसलेल्या यादीचा रिड्यूस. यादीसुद्धा अशीच फंक्शन करता येते, फक्त कृतीला दर फेरीला एक घटक जास्तीचा द्यायचा. खरं-खोटंसुद्धा:

खरे = अ => ब => अ
खोटे = अ => ब => ब
शून्यका = न => न(_ => खोटे)(खरे)

खोटे आणि शून्य शेजारी ठेवून बघ. नावं सोडली तर एकच कोड. सी भाषेत शून्य म्हणजे खोटं, हा तिथल्या लोकांनी केलेला करार होता. इथे तो आपोआप पडला. अर्थात यात सावधगिरीही आहे: हातात आलेलं फंक्शन संख्या आहे की खोटे, हे त्याच्याकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही.

याचाच चटका मी एकदा खाल्लाय. एका साखर कारखान्याच्या ऊसबिलाचं काम होतं. नवीन नवीन फंक्शनल शिकलो होतो, अंगात वारं शिरलं होतं. सभासदाच्या बिलातली प्रत्येक कपात मी फंक्शन केली, कपातींवर कपाती जोडणारी फंक्शन केली, कोड असा चकाचक की दाखवत फिरलो. हंगाम संपल्यावर लेखापाल म्हणाले, "या शेतकऱ्याला तोडणी-वाहतुकीची कोणती कपात लागली, कोणत्या दरानं, ते कागदावर काढून द्या." माझ्याकडे फंक्शन होती. ती चालवता येत होती, वाचता येत नव्हती. दोन फंक्शन सारखी आहेत का हे विचारता येईना, डेटाबेसमध्ये ठेवता येईना, छापायला गेलं की 'फंक्शन' एवढाच शब्द. दिवाळी त्यात गेली. शेवटी प्रत्येक कपात साधा डेटा केली, नाव, दर, क्रम, आणि ती चालवणारं फंक्शन एकच ठेवलं. या उलट्या प्रवासाला नाव आहे आणि संगणकशास्त्रज्ञ जॉन रेनॉल्ड्स यांनी १९७२ मध्येच तो मांडला होता, हे मला पुढे कळलं. डीफंक्शनलायझेशन. तेव्हा माहीत असतं तर दिवाळी वाचली असती.

टाइपवाल्या भाषांबद्दल एवढंच: हॅस्केलमध्ये हे लिहायला गेलीस तर बेरीज-गुणाकार सरळ जातील, पण वजाबाकीत कंपायलर अडून बसेल. तिथे मागचा पुन्हा पुन्हा चालतो, आणि एकच संख्या साध्या कृतीसाठी आणि जोडीसाठी अशी दोन टाइपांना वापरावी लागते. तिला 'कोणत्याही टाइपसाठी' असं स्पष्ट लिहून द्यावं लागतं. तो तुझा दोष समजू नकोस.

सरावासाठी एक: फॅक्टोरियल, म्हणजे एकपासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्यांचा गुणाकार, कर, पण मागचा अजिबात न वापरता. जोडीत डावीकडे मोजणी ठेव, उजवीकडे आतापर्यंतचा गुणाकार. दर फेरीला डावीकडचा एकनं पुढे, आणि उजवीकडे जुन्या डाव्याशी गुणाकार. रेघा(फॅक्टोरियल(तीन)) ला सहा दंड आले पाहिजेत. कन्सोलनं रिकामे अवतरण दाखवलं तर सुरुवातीची जोडी तपास. तिथे शून्य बसलेला असेल. दोन्ही जागी एक ठेव.